यदृच्छा आणि अनुकूलन : उत्क्रांतिविचारातील एका वादाचे परीक्षण

जीवसृष्टीच्या उत्क्रांतीत यदृच्छेचा वाटा किती आणि अनुकूलनाचा किती, हा प्रश्न मूलतः जीवशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात तोंड घालणे हा अव्यापारेषु व्यापार होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु या दोन शास्त्रांची देवघेव जुनी आहे. ऑगस्ट श्लायखर यांनी डार्विनच्या सिद्धान्ताची भाषाशास्त्राशी सांगड घालणारे प्रकट पत्र १८६३ साली प्रसिद्ध केले, आणि स्वतः डार्विननेही १८७१ च्या आपल्या ग्रंथात भाषांच्या आणि जीवजातींच्या घडणीतील साम्याची चर्चा केली. तेव्हापासून 'टिकाव', 'ऱ्हास', 'मृत भाषा', 'भाषाकुल' असे शब्द आम्ही निःसंकोचपणे वापरीत आलो आहो. उसन्या आणलेल्या शब्दांबरोबर उसने तर्कही घरात येतात, आणि ते तपासून घेण्याचे काम ज्याने उसने आणले त्याचेच आहे.

हे परीक्षण हाती घेण्यास एक लहानसे निमित्त घडले. प्रस्तुत लेखक मूळचा शिरवळचा. भाषिक परिवर्तनावरील एका तासाला खंडाळा तालुक्यातीलच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या घरात सगळे 'पानी' म्हणतात. पुस्तकात 'पाणी' राहिले आणि आमचे 'पानी' अशुद्ध ठरले, ते 'पाणी' जास्त योग्य होते म्हणूनच ना? योग्य तेच टिकते, असे आपण मागच्या तासाला वाचले." प्रश्न विनयाने विचारला होता, पण तो ऐकताना मला चौथीच्या वर्गात याच शब्दासाठी तळहातावर बसलेली पट्टी आठवली. त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते सहानुभूतीचे होते, शास्त्राचे नव्हते. शास्त्राचे उत्तर द्यावयाचे तर 'योग्य तेच टिकते' हे वाक्य त्याच्या मूळ घरी, म्हणजे जीवशास्त्रात, कितपत खरे आहे हे आधी पाहावे लागते.

प्रथम शब्दांविषयी. 'योगायोग' हा आपल्याकडील रूढ शब्द या चर्चेला अपुरा आहे, कारण त्याच्या पोटात निरनिराळ्या कल्पना एकत्र नांदतात. 'यदृच्छा' हा शब्द त्या मानाने जुना आणि चर्चेत मुरलेला आहे. जगाच्या कारणाविषयीची मते मोजताना श्वेताश्वतर उपनिषद काल, स्वभाव, नियती यांच्या रांगेत यदृच्छेला बसविते. आम्हा वैयाकरणांना तर हा शब्द घरचाच. पतंजलींनी महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द यांच्याबरोबर यदृच्छाशब्द हा चौथा वर्ग मानला. म्हणजे ज्याच्या मुळाशी कोणताही अर्थगत हेतू नाही, कोणी तरी ठेवले म्हणून पडले असे नाव. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्याच चर्चेत, यदृच्छाशब्द मुळी नाहीतच, वर्ग तीनच, असाही पक्ष मांडला आहे. अहेतुक असे काही असते, हे मान्य करणे बुद्धीला किती जड जाते याचा हा आपल्या परंपरेतील पुरावाच म्हणावा लागेल.

जीवशास्त्रातील वादात 'यदृच्छा' निदान चार अर्थांनी वापरली जाते. पहिला अर्थ उत्परिवर्तनाचा : जनुकात बदल घडतो तो प्राण्याच्या गरजेकडे पाहून घडत नाही. याचा प्रयोगसिद्ध पुरावा लुरिया आणि डेल्ब्रुक यांनी १९४३ साली दिला. विषाणूंचा प्रतिकार करणारे जीवाणू विषाणूंच्या संपर्कामुळे निर्माण होत नाहीत, ते आधीच अधूनमधून उपजलेले असतात, हे त्यांनी संख्येने दाखविले. दुसरा अर्थ नमुन्याचा : कळप लहान असेल तर पुढच्या पिढीत कोणती जनुके जातील यात निव्वळ सोडतीचा भाग राहतो. तिसरा अर्थ परस्परांशी संबंध नसलेल्या दोन कार्यकारण-मालिकांच्या छेदाचा. वैद्य रोग्याकडे निघालेला असतो, छपरावरील कारागिराच्या हातून हातोडी निसटते, आणि दोघांची गाठ पडते. झाक मोनो यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात हाच दाखला घेतला आहे. चौथा अर्थ इतिहासाधीनतेचा : आजची स्थिती कालच्या वळणावर अवलंबून, आणि ते वळण वेगळे असते तर आजही वेगळा झाला असता. स्टीफन जे गूल्ड यांच्या १९८९ च्या ग्रंथाचा सारा भर या चौथ्या अर्थावर आहे.

हे चारही अर्थ एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पहिला मान्य करून चौथा नाकारता येतो. सायमन कॉन्वे मॉरिस यांनी २००३ साली नेमके तेच केले. उत्परिवर्तने आंधळी असली तरी परिस्थितीचे साचे मोजकेच, म्हणून डोळा, पंख, बुद्धी यांसारख्या रचना पुनःपुन्हा अवतरणारच, असे त्यांचे म्हणणे. मोनो यांनी सोडतीची यदृच्छा आणि छेदाची यदृच्छा यांतील भेद जाणीवपूर्वक केला होता. पण ग्रंथाच्या अखेरीस विश्वातील मानवाच्या एकाकीपणाचा निष्कर्ष काढताना तो भेद त्यांच्या हातून गळून पडतो असे आम्हांस वाटते. उत्परिवर्तन गरजेशी असंबद्ध आहे, एवढ्यावरून मानव अपघाताने उपजला हे सिद्ध होत नाही. मध्ये नैसर्गिक निवडीची पायरी आहे, आणि निवड ही सोडत नव्हे.

आता उदाहरणाकडे वळू. या वादाचे एक उत्तम उदाहरण पाहण्यास गॅलापागोस बेटांपर्यंत जाण्याची गरज नाही. शिरवळहून लोणंदमार्गे फलटणला गेले तरी पुरे. लोणंद हे खंडाळा तालुक्यातीलच गाव, आणि दख्खनी मेंढीच्या एका प्रकाराला त्याच गावाचे नाव आहे. काळसर लोकरीची, काटक, लांब चालीची ही मेंढी. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पूर्वेकडील कोरड्या माळाकडे वळतात. या मेंढीला बहुधा एका वेतात एकच कोकरू होते. का? अनुकूलनवाद्याचे उत्तर जिभेवर तयार असते : रोज मजल मारणाऱ्या मेंढीला दोन कोकरे पाजणे आणि चालविणे झेपत नाही, म्हणून एकाचीच प्रथा निसर्गाने निवडली. उत्तर मोठे सुबक आहे. वाड्याबरोबर चालणाऱ्या घोड्यावर नवजात कोकरे बांधून नेताना ज्याने पाहिले असेल त्याला ते पटेलही. परंतु ते उत्तर आहे की कथा?

याच्या विरुद्ध टोकाला बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढी. आकाराने दख्खनीच्या निम्म्याइतकी, पण एका वेतात दोन-तीन कोकरे देणारी. इथेही कथा तयारच आहे : दलदलीचा मुलूख, कोकरांची मरतूक मोठी, म्हणून निसर्गाने संख्या वाढविली. एकाच अपत्याचे स्पष्टीकरण कठीण परिस्थिती, आणि तिघांचेही स्पष्टीकरण कठीण परिस्थितीच! जे स्पष्टीकरण दोन्ही बाजूंनी सारखेच लागू पडते ते काहीच स्पष्ट करीत नाही.

प्रत्यक्षात काय आढळले ते पाहावे. १७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधील बुरूला नावाच्या मळ्यावर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्धीस आला, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. हा गुण अनेक जनुकांच्या बारीकसारीक भरीने आला नसून एकाच मोठ्या जनुकाचा परिणाम आहे, असे १९८० च्या सुमारास दिसून आले. २००१ साली तीन निरनिराळ्या संशोधकगटांनी ते उत्परिवर्तन हुडकून काढले : एका ग्राही प्रथिनाच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले, आणि त्यामुळे त्या प्रथिनातील २४९ व्या स्थानावर ग्लुटामिनऐवजी आर्जिनीन आलेले. नेमके हेच उत्परिवर्तन बंगालच्या गारोळ मेंढीत आहे, हे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. म्हणजे सुंदरबनातील मेंढीचे एक अक्षर दोन शतके परक्या कळपात, परक्या लोकरीखाली, कोणाच्याही ध्यानीमनी नसता टिकून राहिले होते.

या प्रवासात वर सांगितलेल्या चारही यदृच्छा दिसतात, आणि म्हणूनच तो अभ्यसनीय आहे. अक्षर बदलले ते मेंढीच्या गरजेसाठी नव्हे. जहाजावर चढलेल्या मोजक्या मेंढ्यांत ते होते, ही नमुन्याची गोष्ट. बंगालच्या मेंढीचा वंश आणि ब्रिटिशांच्या वसाहतीचा इतिहास यांचा छेद कलकत्त्याच्या बंदरात पडला, ही हातोडीची गोष्ट. आणि त्या छेदानंतर जे घडले ते त्यावाचून घडले नसते, ही इतिहासाधीनता. परंतु एवढ्यावर थांबून 'सारे अपघातच' असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. गारोळ मेंढीच्या बहुतेक सर्व कळपांत हे जनुक पसरलेले आढळते. केवळ सोडतीने ते इतके पसरले असे मानण्यापेक्षा जास्त कोकरे देणाऱ्या मेंढ्या पाळणाऱ्यांनी राखून ठेवल्या, असे मानणे अधिक संभवनीय आहे. अधिक संभवनीय, असेच शब्द येथे योजले पाहिजेत.

कथेचा तिसरा अंक फलटणचा. बॉन निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गारोळ मेंढ्या आणून त्यांचा दख्खनी मेंढीशी संकर केला. जनुकाची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने होऊ लागली. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामातून, जनुकाची एक प्रत असलेली मेंढी सरासरी एकाऐवजी दीडाच्या आसपास कोकरे देते, असे दिसून आले. या संकरित वाणाला 'नारी सुवर्णा' असे नाव मिळाले. येथे अनुकूलनवाद्याच्या कथेची खरी कसोटी लागली. दख्खनच्या माळाला दोन कोकरे झेपतच नसती, तर हा प्रयत्न फसावयास हवा होता. तसे झाले नाही. पण तो सर्वत्र सारखाच सफल झाला असेही नाही. जिथे मेंढपाळाला व्यालेल्या मेंढीसाठी चारा आणि थोडा खुराक जमविता येतो तिथे दुसरे कोकरू नफ्याचे, जिथे जमत नाही तिथे ते ओझ्याचे. तेव्हा 'अनुकूल' हे विशेषण जनुकाला चिकटलेले नसून जनुक आणि घर यांच्या नात्याला लागू असते. दख्खनी मेंढीला आजवर एकच कोकरू होत आले याचे एक कारण अगदी साधे असू शकते : ते अक्षर या बाजूला कधी पोहोचलेच नव्हते. ज्या पर्यायाची परीक्षाच झाली नाही तो निसर्गाने नाकारला, असे म्हणता येत नाही.

गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७९ साली व्हेनिसच्या चर्चमधील कमानींच्या बेचक्यांचा दाखला देऊन अनुकूलनवादावर जो हल्ला चढविला, त्याचा गाभा हाच आहे. त्यांच्या दाखल्यासाठी आपल्याला जुना वाडा पुरतो. जिन्याखाली त्रिकोणी जागा उरते. तीत कोणी सरपण रचते, कोणी दळणाचा डबा ठेवते. ती जागा डब्याच्या मापाची दिसते म्हणून डब्यासाठी जिना बांधला, असे कोणी म्हणत नाही. प्राण्यांच्या अवयवांविषयी मात्र असे म्हणण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही आवरत नाही. लेख अत्यंत परिणामकारक आहे, आणि जीवशास्त्रज्ञांना त्याने बरेच सावध केले हे त्याचे श्रेय निर्विवाद. परंतु त्याची उणीव ही की अनुकूलन नसेल तर काय आहे, हे ठरविण्याची मोजपट्टी तो देत नाही. वाईट कथा सांगू नका, एवढे तो सांगतो. चांगली कशी ओळखावी ते सांगत नाही.

ती मोजपट्टी वास्तविक आधीच तयार होती, आणि ती गणिताची होती. हॉल्डेन यांनी (जे पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले) १९२७ सालीच दाखविले होते की मोठ्या समूहात एकट्याने उपजलेल्या लाभदायक उत्परिवर्तनाचा कायम टिकाव लागण्याची संभाव्यता त्याच्या लाभाच्या साधारण दुप्पट असते. लाभ शेकडा १ असेल तर संभाव्यता शेकडा २. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याण्णव 'योग्य' बदल पहिल्या काही पिढ्यांतच, कोणताही दोष नसता, नाहीसे होतात. 'योग्य तेच टिकते' या वाक्यातला 'च' येथेच गळून पडतो. आणि मोटो किमुरा यांनी १९६८ साली दाखवून दिले की रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल ना लाभाचे ना हानीचे. ते सोडतीनेच पसरतात वा पुसले जातात. किमुरा यांनी शरीररचनेच्या पातळीवर नैसर्गिक निवड नाकारली नाही, हे मात्र त्यांचे नाव घेणारे पुष्कळ जण विसरतात. त्यांच्या सिद्धान्ताचे खरे मोल असे की त्याने सिद्धतेचा भार बदलला. आधी सोडतीचे गणित मांडा. निरीक्षण त्यात बसत नसेल तरच निवडीचे नाव घ्या.

इतिहासाधीनतेच्या मोठ्या दाव्याविषयी थोडक्यात. शिरवळहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. त्याचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा भाग. त्याच सुमारास मेक्सिकोच्या चिक्शुलुब येथे अशनी कोसळला आणि डायनोसॉर नष्ट झाले. त्या संहारात अशनीचा वाटा किती आणि आपल्या पायांखालील कातळाचा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने दोहोंचे फळ एकच : कोणत्याही प्राण्याचे रोजच्या जगण्याशी असलेले अनुकूलन अशा प्रसंगासाठी घडलेले नव्हते. तरीही संहार निव्वळ सोडतीचा नव्हता. लहान अंगाचे, थोडक्यात भागविणारे प्राणी अधिक वाचले. डेव्हिड रॉप यांनी १९९१ साली याला जे नाव दिले त्याचा भाव 'लहरी संहार' असा सांगता येईल. निवड होते, पण ज्या गुणावर होते तो गुण दुसऱ्याच कारणासाठी कमावलेला असतो. यदृच्छा की अनुकूलन, या द्वंद्वात न बसणारी ही तिसरी जागा आहे, आणि ती आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटते.

गूल्ड यांच्या ग्रंथाचा आधार मात्र पुढे बराच खचला. बर्जेस शेलमधील ज्या विचित्र जीवांना त्यांनी नष्ट झालेल्या स्वतंत्र शाखा मानले, त्यांतील कित्येकांची नाती पुढे आजच्याच जीवगटांशी जुळली. हॅलुसिजेनिया नावाचा जीव तर आधी चक्क उलटा काढला गेला होता, हे १९९१ साली ध्यानात आले. पण पुराव्याचा एक खांब कलला म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली एकाच पूर्वजापासून जीवाणूंचे बारा कळप वाढविण्यास आरंभ केला. बाराही कळप बऱ्याच बाबतींत एकाच दिशेने बदलले, हा कॉन्वे मॉरिस यांचा विजय. परंतु प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट खाण्याची शक्ती ३०,००० हून अधिक पिढ्यांनंतर एकाच कळपात उपजली, आणि तीही आधीच्या काही पूर्वतयारीच्या बदलांवाचून उपजत नाही असे २००८ साली दिसले. हा गूल्ड यांचा. दोघेही अंशतः बरोबर, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. त्यापेक्षा असे म्हणावे की कोणत्या गुणाविषयी कोण बरोबर, हे त्या त्या गुणाची मोजणी केल्यावाचून सांगता येत नाही.

आता आमच्या शास्त्राकडे. येथे प्रथम एका शाब्दिक सापळ्याची नोंद केली पाहिजे. एडवर्ड सपीर यांनी १९२१ साली भाषेतील 'ड्रिफ्ट'ची कल्पना मांडली. तिचा अर्थ असा की भाषा एका ठरावीक दिशेने, पिढ्यानपिढ्या, आतल्या आत कलत जाते. १९३० च्या सुमारास सूअल राइट यांच्या लेखनातून जीवशास्त्रात रूढ झालेला 'ड्रिफ्ट' हा दिशाहीन सोडतीचा होय. एकच इंग्रजी शब्द, आणि अर्थ परस्परविरुद्ध. आमच्याकडील काही टिपणांत दोहोंसाठी 'अपवाह' हा एकच प्रतिशब्द दिसतो. त्यामुळे सपीर यांच्या तोंडी राइट यांचे आणि राइट यांच्या तोंडी सपीर यांचे मत घातले जाते. सपीर यांच्यासाठी 'कल' आणि राइट यांच्यासाठी 'विचलन' असे दोन शब्द ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते.

'पाणी' आणि 'पानी' यांचा विचार या पार्श्वभूमीवर करू. शुद्धतेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा आधार संस्कृताचा. पण संस्कृतात शब्द 'पानीय' आहे; तिथे दन्त्य 'न'च आहे. माहाराष्ट्री प्राकृताने 'न'चा सर्वत्र 'ण' केला, आणि पुढे मराठीत दोन स्वरांमधील एकेरी 'ण' टिकला, तर शब्दारंभीचा आणि द्वित्वातील 'न' झाला. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात हा नियम सविस्तर आला आहे. परिणाम मोठा मौजेचा झाला. संस्कृत 'पानीय'चे 'पाणी', 'जन'चे 'जण', 'स्थान'चे 'ठाणे'. उलट 'कर्ण'चा 'कान', 'पर्ण'चे 'पान', 'अरण्य'चे 'रान'. जिथे संस्कृतात 'न' तिथे मराठीत 'ण', आणि जिथे 'ण' तिथे 'न'! तेव्हा 'पाणी' हे मूळाशी इमान राखणारे रूप नव्हे. आणि खंडाळ्याच्या विद्यार्थ्याचे 'पानी' हेही मूळ रूपाचे जतन नव्हे. त्याच्या घरात 'कोन', 'लोनी' असे सर्वच 'ण' 'न' झाले आहेत, त्यात 'पानीय'शी गाठ पडली ती हातोडीच्या न्यायाने. शुद्धतेचा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी बंद होतो.

मग उपयुक्ततेचा युक्तिवाद उरतो, आणि तो अधिक गंभीर आहे. आंद्रे मार्तिने यांनी १९५५ साली असे प्रतिपादिले की ज्या ध्वनिभेदावर अर्थभेदाचे पुष्कळ काम असते तो टिकतो, ज्यावर थोडे असते तो विरतो. हे भाषेतील अनुकूलनाचे खरेखुरे, तपासता येण्याजोगे गृहीतक आहे, आणि वेडेल प्रभृतींनी २०१३ साली अनेक भाषांच्या तुलनेतून त्याला बऱ्यापैकी पुष्टी दिली. मराठीत 'तन-तण', 'मन-मण', 'खान-खाण' अशा जोड्या आहेत. पण त्या मोजक्या, आणि संदर्भाने सहज सुटणाऱ्या. भांगलणीला गेलेल्या बाईला तन आणि तण यांचा घोळ कधी झाल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे या भेदावर कामाचे ओझे थोडे. तो विरला तर नवल नाही आणि राहिला तरी नवल नाही. मराठी, गुजराती, पंजाबी यांनी तो राखला, हिंदीने सोडला. चारही भाषांचे व्यवहार सुरळीत चालू आहेत.

मग प्रमाण भाषेत 'ण' कसा बसला? येथे आम्ही एके काळी मोठ्या उत्साहाने एक कथा सांगत असू. शिरवळ पुणे आणि सातारा यांच्या साधारण मध्यावर आहे. अठराव्या शतकात छत्रपतींची गादी साताऱ्यास, पण पेशव्यांनी आपले बिऱ्हाड पुण्यास नेले. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला, कारभार तिकडे गेला, पुढे मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाने पुण्याकडील शिष्ट रूपांना छापील प्रतिष्ठा दिली. सत्ता साताऱ्यासच राहती तर प्रमाण मराठी वेगळी झाली असती, हा गूल्ड यांच्या धर्तीचा निष्कर्ष. आज तो आम्हांस पटत नाही. सत्ता साताऱ्यास राहिली असती तरी दप्तर लिहिणारा कारकून त्याच वर्गातला असता, आणि त्याच्या तोंडी 'ण'च असता. नगर बदलले असते, लेखणी धरणारा हात बदलला नसता. इतिहासाधीनतेची कथाही अनुकूलनाच्या कथेइतकीच सुबक आणि तितकीच अप्रमाण असू शकते, हे ध्यानी घ्यावयास आम्हांस बराच वेळ लागला.

पण या दुरुस्तीतून विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. 'ण' निवडला गेला, सोडतीने आला नाही. त्या अर्थी निवड घडली. निवड करणारी परिस्थिती मात्र उच्चारसौकर्याची वा अर्थबोधाची नव्हती. ती शाळेची, दप्तराची आणि जातीची होती. निवड झाली यावरून निवडलेले रूप भाषा म्हणून सरस होते, हे निष्पन्न होत नाही. मेंढीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते : लाभ जनुकात नसतो, जनुक आणि घर यांच्या नात्यात असतो.

याच फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी तेथील बोलीतील सामाजिक भेदांचा अभ्यास करून पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला, आणि पुढे तेथेच मुलांसाठी कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. एकाच गावात एका अक्षराने बदललेली मेंढी आणि एका अक्षराने बदललेली बोली या दोहोंचा अभ्यास व्हावा, ही खरी यदृच्छा. बर्नसन यांच्या कामाचे महत्त्व आमच्या दृष्टीने असे की त्यांनी बोलीला 'टिकलेली' वा 'मागे पडलेली' असे न म्हणता, कोण कोणाशी बोलताना काय उच्चारतो, हे नोंदविले. निवड आणि विचलन यांतील भेद अशाच नोंदींतून होऊ शकतो. न्यूबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली इंग्रजीतील ३६ क्रियापदांच्या भूतकाळी रूपांचा दोन शतकांचा हिशेब मांडला, तेव्हा केवळ ६ क्रियापदांत निवडीचा निश्चित पुरावा सापडला. आणि त्यांपैकी चार तर नियमिततेकडून अनियमिततेकडे गेली होती. 'भाषा सोपेपणाकडे जाते' हे आमच्या पाठ्यपुस्तकांतील आवडते वाक्य त्या हिशेबात टिकत नाही. उरलेल्या तीस क्रियापदांविषयी सोडतीचे स्पष्टीकरण नाकारता आले नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

मराठीसाठी असा हिशेब मांडणे कठीण नाही, पण छापील ग्रंथांवरून तो मांडता येणार नाही, कारण छापखान्यात 'पानी' शिरूच दिले गेले नाही. तो बोलण्यावरूनच मांडावा लागेल. नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो, बोली बदलत नाही; तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांतून, आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांचे, घरातले आणि बाजारातले बोलणे वेगवेगळे नोंदवून, 'ण'चे प्रमाण पिढीगणिक कसे बदलते ते पाहावे. तिन्ही पिढ्यांत, घरी आणि बाजारी, सर्व शब्दांत ते एकाच दिशेने सरकत असेल तर निवडीचा संशय घ्यावा. शब्दाशब्दाला निरनिराळ्या दिशांनी हेलकावत असेल तर विचलनाचा. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या आजीपासून नोंदींना सुरुवात केली आहे. ती त्याच्याशी 'पानी' म्हणते आणि ध्वनिमुद्रक पुढे ठेवला की 'पाणी' म्हणते, ही त्याची पहिली अडचण.